कसेल त्याची गाडी

आमच्या भागात ‘मालक’ हा शब्द फार सैल हातानं वापरतात. जुन्या वळणाची बाई नवऱ्याला मालक म्हणते. रोजगारी शेतकऱ्याला मालक म्हणतो. एसटीचा कंडक्टर म्हणतो, “मालक, सुट्टे द्या.” सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत ज्याचं नाव वरून तिसरं, तोही टपरीवर मालकच असतो. त्यामुळं मालक म्हणजे नेमका कोण, याचा विचार करायची पाळी सहसा कुणावर येत नाही. माझ्यावर ती एका मोटारीमुळं आली.

मोटार साधी नव्हे. १९३७ सालची अमेरिकन पॅकार्ड. गोठ्याशेजारच्या सपरात उभी आहे. ‘एकशेवीस’ हे तिच्या मॉडेलचं नाव. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत एकशेवीस इंच, म्हणजे बरोबर दहा फूट. इंजिनाला आठ सिलिंडर, तेही एकामागं एक, एका ओळीत. त्यामुळं बॉनेट एवढं लांब, की जवळचा खड्डा ड्रायव्हरला दिसतच नाही, तो अंगाला कळतो. ताकद १२० हॉर्सपॉवर. माझा ट्रॅक्टर ४५ चा आहे. वजन दीड टनाच्या वर. पेट्रोल लिटरला पाच किलोमीटर, तेही उतार लागला तर.

तिचं तोंड एकदा बघितलं की विसरत नाही. रेडिएटरच्या वरच्या कडेला दोन्ही खांद्यांवर बाक दिलेला आहे. अमेरिकेतले शौकीन त्या आकाराला ‘ऑक्स-योक’ म्हणतात. म्हणजे बैलांचं जू. पॅकार्ड कंपनीनं शतकाच्या सुरुवातीला हा आकार घेतला आणि पुढं कित्येक वर्षं तो सोडला नाही. माझ्या नातीनं हे मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हा मी मिस्त्रींना म्हणालो, “ही आपल्या गोठ्यात उगंच न्हाई आली.”

कंपनीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ओहायो राज्यातल्या वॉरन गावच्या जेम्स पॅकार्ड नावाच्या माणसानं दुसऱ्या कंपनीची मोटार घेतली. ती सारखी बिघडायची. तो तक्रार घेऊन गेला, तर कारखानदार म्हणाला, एवढं कळतंय तर तूच बनव की. असं सांगतात. ते कसंही असो, १८९९ मध्ये त्यानं आणि त्याच्या भावानं पहिली गाडी बनवली. १९०३ मध्ये कारखाना डेट्रॉइटला गेला. पुढं पॅकार्ड म्हणजे बड्यांची गाडी झाली. मग १९२९ नंतरची मंदी आली. बड्यांचेही हात आखडले. तेव्हा कंपनीनं १९३५ मध्ये हजार डॉलरच्या आसपासची ‘एकशेवीस’ काढली. नाव मोठं, किंमत आवाक्यातली. त्या गाडीनं कंपनी तरली. १९३७ च्या एका वर्षात एक लाखावर गाड्या निघाल्या. म्हणजे आमच्या इनामदारांनी घेतली ती पॅकार्ड होती खरी, पण पॅकार्डमधली स्वस्तातली. गावाला हे कळायचं कारण नव्हतं. गावाला ती इंद्राचा ऐरावत वाटायची.

त्या काळी अमेरिकन गाड्या आपल्याकडं पुष्कळ येत. जनरल मोटर्सनं तर १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. मजबूत पाटे, जमिनीपासून उंच अंग आणि पहिल्या गिअरमध्ये चिखलातून निघायची ताकद. आपल्या रस्त्यांना त्या मानवायच्या. संस्थानिक घ्यायचे, मोठे वकील घ्यायचे, आणि त्यांचं बघून आमच्या इनामदारांसारखेही घ्यायचे. पॅकार्ड मुंबईच्या धक्क्यावर उतरली आणि घाट चढून कृष्णाकाठच्या आमच्या गावात आली. ती आली त्या वर्षी खंडाच्या ज्वारीत कुळांना दाणाही माफ झाला नव्हता, असं माझी आजी सांगायची. आजोबा त्या कुळांपैकी एक. चार एकराचं कूळ.

आता हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ इथनंच सुरू होतो. गाडी इनामदारांची. तिचे पैसे खंडाचे. खंड कुळांचा. आणि १९४३ पासून त्या गाडीचं चाक ज्याच्या हातात, तो एका कुळाचाच पोरगा, म्हणजे माझे आबा.

आबांनी ती गाडी वीस वर्षं चालवली. पहाटे विहिरीचं पाणी काढून धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, हँडल मारून चालू करून ठेवायची. सरकार मागं बसायचे. इनामदारांना आबा सरकारच म्हणायचे, शेवटपर्यंत. मधल्या काळात दुनिया उलटीपालटी झाली. इनामं खालसा झाली. कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कूळ कायद्यानं जमिनीचा खरेदीदार ठरलं. ज्यांच्या घरात बत्तीस-ग च्या नोटिसा आणि बत्तीस-म चे दाखले पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेत, त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. जमीन फुकट मिळाली नव्हती. साऱ्याच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत किंमत ठरायची, ती हप्त्यानं भरायची. पण मिळाली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आमच्या घरात कुणी भिंतीवर लिहिली नाही. आम्ही ती जेवतो.

जमीन गेल्यावर वाड्याची कळा गेली. आबांचा पगार आधी उशिरा, मग अर्धा, मग नुसता वायदा. अडीच वर्षांचा पगार थकला तेव्हा, १९६३ मध्ये, सरकारांनी आबांना बोलावलं आणि गाडीचं पुस्तक त्यांच्या नावावर करून दिलं. म्हणाले, “पैसे नाहीत. हिला तूच सांभाळ.” तेव्हा मी चार वर्षांचा. मला आठवतंय ते एवढंच, की गाडी आमच्या दारात आली आणि आईनं तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

आबा गाडीचे मालक झाले. पण ते मागच्या सीटवर कधी बसले नाहीत. एकदाही नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी दिली की नवरदेव मागं, आबा पुढं चाकावर. उभ्या गाडीतसुद्धा विडी ओढायला ते पुढंच बसायचे. कागदानं मालकी येते, पण ती माणसाच्या पाठीत उतरायला कागद पुरत नाही, हे मी त्यांच्याकडं बघून शिकलो.

१९७२ च्या दुष्काळात भंगारवाला आला. गाडी तेव्हा बंदच होती, टायर नव्हते. त्यानं वजनावर भाव सांगितला. त्याच आठवड्यात आबांनी बैलजोडी विकली होती. आई बोलली, “जित्ती जनावरं इकली आन् हे लोखंड ठिवलं?” आबा म्हणाले, “त्याला वैरण लागत न्हाई.” हिशेबात बरोबर होतं. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. कोण बरोबर, हे आज ठरवायला मी कोण? बैल परत घेता येतात आणि पॅकार्ड परत घेता येत नाही, हे आबांना ठाऊक होतं. बैलाला डोळे असतात आणि गाडीला नसतात, हे आईला ठाऊक होतं.

१९८९ मध्ये आबा गेले. गाडी माझ्या नावावर झाली. मागच्या सीटमध्ये उंदरांची वसाहत, पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मी ती विकली नाही आणि दुरुस्तही केली नाही. शेती, लग्नं, कर्ज यांतनं डोकं वर निघायला २००८ साल उजाडलं.

तेव्हा मिस्त्री आले. शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पोरवयात लेथवर हात बसलेला, मग आमच्या बाजारच्या गावात दुकान. माझं विहिरीवरचं इंजिन बघायला आले आणि सपरात डोकावले. बॉनेट उघडून बराच वेळ गप्प. आमच्याकडची इंजिनं एका सिलिंडरची. इथं आठ बघून म्हणाले, “ही आठ भावांची एकत्र शेती हाय.” आणि मग माझ्याकडं न बघता, “कराय येईल.”

करायला चौदा वर्षं गेली. तुम्हाला सगळा पाढा वाचत नाही, पण काही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिन जाम होतं. मिस्त्रींनी आठी प्लग काढले आणि भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतून महिनाभर सोडून दिलं. दर रविवारी यायचे, हँडलला हलका झोका द्यायचे, परत जायचे. जोर लावायचा नाही, नाहीतर रिंगा मोडतात. सहाव्या रविवारी हँडल बोटभर सरकलं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह बाजूला असतात, वरचं हेड म्हणजे आठी सिलिंडरवरचं एकच लांब सपाट झाकण. त्याच्या बोल्टांची रांग गंजलेली. एक जरी आत तुटला तर ब्लॉकमध्ये भोक पाडायची वेळ. एकेक बोल्ट तापवून, तेल पाजून काढायला दोन महिने लागले.

वायरिंगची तऱ्हा वेगळीच. आपल्या ट्रॅक्टरला बारा व्होल्टची बॅटरी, वजा टोक अर्थला. हिला सहा व्होल्टची, आणि अधिक टोक अर्थला. सगळं उलटं. व्होल्ट निम्मे म्हणजे करंट दुप्पट, म्हणून वायरी जाड लागतात. बारीक घातल्या तर सेल्फ नुसता कण्हतो. रिंगा आणि पंपाचं सामान अमेरिकेतनं मागवलं. तिकडं अजून या गाड्यांचे भाग बनवणारे लोक आहेत, नातीनं शोधून काढले. हेडचं गॅस्केट मात्र मिस्त्रींनी तांब्याच्या पत्र्यातून हातानं कापलं. पहिलं गेलं, सिलिंडरमध्ये पाणी आलं. इंजिन परत खोललं. दुसरं कापलं. त्या वेळी मी मजुरी द्यायला गेलो, तर म्हणाले, “माझा पत्रा गेला, माझं मी बघतो.” तांबं काय भावानं होतं ते मला माहीत होतं.

२०२२ च्या दिवाळीच्या आधी गाडी आमच्या वस्तीपासून मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि परत आली.

सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम काढलेत. पन्नास वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी असेल, मूळ रूपात राखलेली असेल, तर ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला चालवायची नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर आणायची. नियम वाजवी आहेत. पण ‘मूळ रूप’ या शब्दाशी मी अडखळलो. चासी, सांगाडा, इंजिन मूळचं, ते ठीक. पण रिंगा नव्या, वायरी नव्या, सीटचं कापड सांगलीचं, गॅस्केट मिस्त्रींचं. हिला बनवणारी कंपनी १९५४ मध्ये दुसऱ्या कंपनीत मिसळली, १९५६ मध्ये डेट्रॉइटचं काम थांबलं, १९५८ मध्ये नावसुद्धा मिटलं. तो भलाथोरला कारखाना पुढं कित्येक दशकं ओसाड पडून होता. २०२२ मध्ये तो पाडायला घेतला. म्हणजे ज्या वर्षी तिचं जन्मघर पाडायला सुरुवात झाली, त्याच वर्षी ती आमच्या देवळापर्यंत जाऊन आली.

आमच्याकडं ‘आजोबांची गाडी’ म्हणून एक बैलगाडी होती. तिची धाव दोनदा बदलली, आरे कितीदा बदलले ते सुतारालाच ठाऊक, साटा आबांनी नवा केला, जू मी केलं. आजोबांच्या हातचा फक्त आख राहिला होता. तरी ती आजोबांचीच गाडी. कारण ती मधल्या काळात एक दिवसही कुणाची नव्हती असं झालं नाही. पॅकार्डचंही तसंच. तिचं मूळ रूप पत्र्यात नाही. एकानं ठेवली, दुसऱ्यानं घेतली, मधे सुटू दिली नाही, त्या साखळीत आहे.

इथपर्यंत बरं होतं. गेल्या उन्हाळ्यात इनामदारांचे नातू आले.

पुण्याला असतात, हॉटेलचा व्यवसाय आहे. माणूस सभ्य. मला काका म्हणाले. गाडीभोवती दोनदा फिरले, मागच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरले. ते नाटक नव्हतं. म्हणाले, “काका, आजोबांची एवढीच वस्तू शिल्लक आहे. मी पंचवीस लाख देतो. हॉटेलच्या दारात काचेच्या खोलीत ठेवीन. आजोबांच्या नावाची पाटी लावीन.”

पंचवीस लाख. मुलाला तीन एकर ठिबक करायचंय. सोसायटीचं कर्ज आहे. नात नर्सिंगला जायचं म्हणते. आणि गाडी वर्षातनं चार वेळा देवळापर्यंत जाते. हे आकडे तुमच्यासमोर मांडले, कारण कर्जातल्या माणसानं नुसत्या तत्त्वाच्या गोष्टी करू नयेत. त्यानं आकडेही सांगावेत.

मी म्हणालो, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत माझ्या डोक्यात जे वकील भांडले, त्यांचं थोडक्यात सांगतो.

पहिला म्हणाला, नातवाचा हक्क आहे. आजोबांनी विकत घेतली होती. दुसरा म्हणाला, कशाच्या पैशानं? खंडाच्या. मग ती अख्ख्या गावाची. तिसरा म्हणाला, तसं बघितलं तर आबांचा पगारही खंडातनंच यायचा, त्यावर तू वाढलास. धुतल्या तांदळासारखा पैसा शोधत मागं मागं गेलास तर कुठंच थांबता येणार नाही. चौथा म्हणाला, हे सगळं सोड. कागद तुझ्या नावावर आहे, विषय संपला.

कागदापाशी मी थांबणार होतो. पण मग कृषक दिन आठवला. १९५७ च्या आधी आमच्या चार एकरांचा कागदही इनामदारांच्याच नावावर होता. तो कागद खोटा नव्हता. तरी कायद्यानं विचारलं, कसतो कोण? आणि त्या प्रश्नानं आमचं घर उभं राहिलं. जो प्रश्न जमिनीला लावला तेव्हा मला गोड लागला, तो गाडीला लावल्यावर कडू लागून कसं चालेल? ही गाडी कसली कुणी? आबांनी, आणि आबांच्या नंतर मिस्त्रींनी. मी सामानाचे पैसे दिले, उंदीर हाकलले आणि चहा दिला.

मुलाशी बोललो. त्यानं मला आडवं धरलं. म्हणाला, “आप्पा, मिस्त्रीकाकांना मजुरी दिली का न्हाई? दिली. मग हिशेब मिटला. कसेल त्याची म्हणताय, तर उद्या ऊसतोडकरी म्हणंल, तोडला मी, ऊस माझा. देणार का?”

पोरगं शिकलेलं आहे, मुद्द्याचं बोललं. मी रात्रभर त्यावर होतो. मला सुचलं ते असं. कूळ आणि रोजगारी यांत फरक काय? राबतात दोघं. पण पाऊस नाही आला तर रोजगाऱ्याचा त्या दिवसाचा रोज सुटलेला असतो, कुळाचं बी मातीत गेलेलं असतं. आमच्याकडं वाटेकरी हा शब्द आहे. तो नुसता पिकाचा वाटेकरी नसतो, बुडिताचाही असतो. ज्यानं बुडीत वाटून घेतलं, त्याला वाटा मागायचा हक्क. मिस्त्रींनी तांब्याचा पत्रा स्वतःच्या अंगावर घेतला, तेव्हाच ते मजूर राहिले नाहीत. मग मी मजुरी देऊन मोकळा झालो असं कसं म्हणू?

मुलाला हे पटलं, पण त्यानं दुसरा पाय टाकला. “ऊसतोडकऱ्याचं बुडीत न्हाई का? मुकादमाकडनं उचल घेऊन येतो, नवराबायकोचा एक कोयता, सहा महिने पालात. आजारी पडला तर उचल अंगावरच फिरती.” बरोबर आहे. त्यांचं बुडीत आपल्या फडात होतं, पण आपल्या वहीत लिहिलं जात नाही, म्हणून आपण ते बघत नाही. एका जुन्या मोटारीनं मला माझ्याच उसाच्या फडात आणून उभं केलं. मी काही फड त्यांच्या नावावर करणार नाही. पण ‘मजुरी दिली, विषय संपला’ हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडातनं निघत नाही.

याच वेळी नातीनं एक गोष्ट वाचून सांगितली. १९३६ च्या डिसेंबरअखेरीस अमेरिकेत, डेट्रॉइटपासून फार लांब नसलेल्या फ्लिंट गावात, जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच बसून राहिले. संप, पण घरी जाऊन नव्हे. मशीनपाशीच. ४४ दिवस बसले. आमची पॅकार्ड बनली तो हाच हंगाम. ऐन थंडीचे दिवस. शेवटी १९३७ च्या फेब्रुवारीत कंपनीनं त्यांच्या संघटनेशी बोलायचं मान्य केलं. मी नातीला विचारलं, “म्हंजे कारखाना त्यांचा झाला?” ती म्हणाली, “नाही आजोबा. कारखाना कंपनीचाच राहिला. पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असं झालं.”

हे मी लक्षात ठेवलं आणि मिस्त्रींकडं गेलो. आता त्यांचं वय पंच्याहत्तर. लेथवर भाचा बसतो. मी सरळ सांगितलं, पंचवीस लाखांचं गिऱ्हाईक आलंय, निम्मं तुमचं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हातातली फाइल पुसत बसले. मग म्हणाले, “निम्मं नगं. माझी मजुरी मला पोचलीय. इकायची तर इका, तात्या. पर मला इचारून इका.”

मी म्हणालो, “विचारायलाच आलोय.”

“मग सांगतो. काचेत ठेवणाऱ्याला देऊ नगा. इंजिन म्हयन्यातनं एकदा चालू झालं पायजे. न्हाई झालं तर परत जाम हुतंय. ज्येला चालू ठिवाय जमंल त्येला द्या. इनामदाराच्या नातवाला द्या न्हाईतर कुणाबी द्या.”

माझे चारही वकील तिथं गप्प झाले. मी मालकी आणि मजुरी या दोन टोकांच्या मधे हिंदकळत होतो. एकतर वस्तू तुझी, नाहीतर तुझा संबंध नाही. मधे काही असतं हे मला दिसत नव्हतं. मधे हे असतं. विचारलं जाण्याचा हक्क. फ्लिंटच्या कामगारांनी तोच मागितला, मिस्त्रींनी तोच मागितला. आणि आता मागं वळून बघतो तर वाटतं, खंडाच्या काळात आजोबांचं खरं दुखणंही नुसत्या ज्वारीचं नसावं. चार एकरांत काय पेरायचं आणि खंड किती, हे ठरताना त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. आबांना तर गाडीसुद्धा न विचारताच मिळाली. पगार हवा होता, पॅकार्ड दिली.

मी नातवांना फोन केला. सगळं सांगितलं. पैशाबद्दल वाद नाही, पण गाडी काचेत जाणार नाही. महिन्यातनं एकदा चालू करायची, मिस्त्रींचा भाचा येऊन बघणार, आणि तुम्ही पुढं कुणाला द्यायची झाली तर आम्हाला विचारायचं. फोनवर बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “काका, आजोबांनी ती तुमच्या वडिलांना दिली तेव्हा घरात कुणाला विचारलं नव्हतं. आजी वर्षभर बोलत नव्हती त्यांच्याशी.” हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे वाड्यातही कुणीतरी न विचारलेलं राहून गेलं होतं. विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. ठिबक अडलंय, कर्जाचा हप्ता मी उसाच्या बिलातनं भरतोय. त्यांचा होकार आला तर गाडी देईन, नकार आला तर ठेवीन, आणि दोन्ही वेळा मला झोप लागेल असं वाटतं. आधीच्या आठ दिवसांत ती लागत नव्हती.

लहानपणी मला वाटायचं, मालक म्हणजे ज्याला कुणाला विचारावं लागत नाही तो. म्हणून तर सगळ्यांना मालक व्हायचं असतं. आता साठी उलटल्यावर उलटं वाटतं. ज्याला कुणालाच विचारावं लागत नाही, त्याच्याकडं वस्तू असते, पण तिच्याशी बांधलेली माणसं त्यानं तोडलेली असतात. जमीन असो, ऊस असो, घर असो. एकट्याच्या घामानं झालेलं असं आपल्यापाशी काय आहे? बियाणं दुसऱ्याचं, पाटाचं पाणी दुसऱ्याच्या गावावरनं आलेलं, तोडणी तिसऱ्याची. सात-बाऱ्यावर एक नाव लागतं, कारण तलाठ्याला कुठंतरी एक नाव लिहावंच लागतं. त्या नावाच्या मागं कोणकोण आहे हे ज्याला पाठ आहे आणि ठरवायच्या वेळी जो त्यांच्या दारात जातो, त्याला मी मालक म्हणतो.

मिस्त्रींचा भाचा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. अधिक टोक अर्थला, हे त्याला आता सांगावं लागत नाही.